नाताळातली शेपू

मला शेपू आवडत नाही. शेजारी शिजली तरी मी खिडकी लावून घेतो. असं असून बारा वर्षं दर नाताळात, सगळी गल्ली केक आणि करंज्या हाणत असताना, मी मुकाट्यानं शेपूची भाजी गिळली आहे. याला कारण नवसाबाई.

आधी माझं सांगतो. मी शांतवन भालेराव, सातपूरला एका कारखान्यात वायरमन. नाव शांतवन आणि डोकं कायम तापलेलं, असं माझी बायको सुवार्ता पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. शरणपूर रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची ख्रिस्ती लोकांची छोटी गल्ली. नव्वदच्या दशकात या गल्लीची रोषणाई बघायला नाशकातल्या द्वारका चौकापासून, पार सिन्नरपासून माणसं यायची. गणपतीचे देखावे बघत फिरतात ना, तशी. प्रत्येक घरापुढं गवताचा गोठा, वर बांबूवर चांदणी. माझी चांदणी आठ फुटी, आणि तिच्या शेपटीतून दिवे पळायचे. पळणारे दिवे गल्लीत पहिल्यांदा मी आणले. हे दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं.

नवसाबाई मखमलाबादकडची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मळा सांभाळला, मुलगा भारत वाढवला, आणि रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली भाजी घेऊन बसायची. अंगानं काटकुळी, पण जीभ अशी की तिच्याशी हुज्जत घालायला गेलेलं गिऱ्हाईक दोन जुड्या जास्तच घेऊन घरी यायचं. ब्याण्णवच्या नाताळात ती भारतच्या टेम्पोत वस्तीवरच्या सगळ्या बायाबापड्या कोंबून रोषणाई बघायला आली. चांदणीकडं तिनं एकदा वर पाहिलं, लय झ्याक हाय म्हणाली, आणि सरळ गोठ्यात वाकली. तिथं प्लास्टरची मरीया, योसेफ आणि गव्हाणीत बाळ. बाळ कधी झालं, तिनं विचारलं. आजच, मी म्हटलं. झालं! तिनं भारतला टेम्पोकडं पिटाळलं, शेपूची जुडी मागवली आणि मरीयेच्या पायाशी ठेवली. ओल्या बाळंतिणीला बघायला कुणी रिकाम्या हातानं येतं का, आणि बाळंतिणीला शेपूसारखी दुसरी भाजी नाही, हे वर मलाच सुनावलं.

माझा तिळपापड झाला. दोन महिने रात्रपाळ्या सांभाळून मी दिवे जोडले, आणि लोक माझ्या गोठ्यातली भाजी बघून हसतायत. पण सुवार्तेनं जुडी उचलली आणि दुसऱ्या दिवशी ताटात वाढली. प्रेमानं आलेलं अन्न टाकायचं नाही, असा तिचा कायदा. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही.

पुढच्या एका वर्षी नवसाबाईनं योसेफाची चौकशी केली. मी त्याच्या हातात कंदील दिला होता आणि कंदिलात खराखुरा छोटा बल्ब. हा दाढीवाला बाळाचा बाप ना, तिनं विचारलं. आता मागं ही गर्दी, पळणाऱ्या दिव्यांची माळ मधेच अडकलेली, आणि हिला वंशावळ हवी. जन्म देणारा बाप नाही, पण यानंच वाढवलं, मी म्हटलं. मग तो बाप कसा, तिनं विचारलं. मी वैतागून म्हणालो, "सांभाळतो तो बाप. आता पुढं सरका, मावशी, मागं लोक आहेत." ती पुढं सरकली, पण हे उत्तर काही तिला पटलेलं दिसलं नाही.

नव्याण्णवपासून आमच्या तरुण संघानं रोषणाईची स्पर्धा सुरू केली आणि माझी झोप उडाली. पहिला नंबर दरवर्षी समोरच्या राकेश शिरसाठचा. त्याच्या गच्चीवर सांताक्लॉज, हरणांची घसरगाडी आणि कापसाचा बर्फ. नाशकात बर्फ! माझा दुसरा. सलग चार वर्षं दुसरा. दोन हजार तीन साली मी पण केला की यंदा राकेशला खाली उतरवायचंच. चांदणीत सहाशे दिवे भरले, तिचे रंग पाकळी-पाकळीनं बदलायचे. सुवार्ता म्हणाली, येशूला जन्मायला एवढी वीज लागली नव्हती. मी लक्ष दिलं नाही.

चोवीस तारखेला दुपारी नवसाबाई एकटीच आली. हातात शेपू होतीच, शिवाय एक पिशवी. पिशवीतून तिनं लहान बाळाची कुंची काढली. लाल खणाची, मागं झालर, कडेला गोंडे. ओट्यावर बसून तिनं सुवार्तेला सगळं सांगितलं, मी शिडीवरून ऐकत होतो. भारतच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सून प्रतिभा गुणाची, पण कूस उजवली नव्हती. ही कुंची नवसाबाईनं लग्नाच्या वर्षीच शिवून ठेवली होती. दवाखाने झाले, देव झाले. आता भारत आणि प्रतिभा आश्रमातून मूल आणायचं म्हणत होते, आणि नवसाबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. कुणाचं कोण, दुसऱ्याचं रक्त आपल्या मळ्यात नको, मी मेल्यावर आणा, असं ती सुनेला तोंडावर बोलून आली होती. बोलून आली आणि आता ओट्यावर बसून रडत होती. ज्या बाळाला एवढी दुनिया बघायला येते त्याच्या अंगाला ही कुंची लागली तर आपल्या घरी पाळणा हलेल, ही तिची शेवटची आशा होती. अट एकच. बारशापर्यंत, म्हणजे बारा दिवस, कुंची बाळाच्या अंगावरून काढायची नाही. नंतर पाळणा हलेपर्यंत ती आमच्याकडंच ठेवायची. घरात दिसली की प्रतिभा जेवत नाही.

सुवार्तेनं माझ्याकडं न बघताच हो म्हणून टाकलं. आमच्या गोऱ्यागोमट्या प्लास्टरच्या बाळाला लाल खणाची कुंची! नाशिकच्या थंडीत ते प्रथमच गुबगुबीत दिसलं, हे मात्र कबूल करतो.

पंचवीसला संध्याकाळी परीक्षक आले. तिघेही बाहेरगावचे, थोरले एक निवृत्त मुख्याध्यापक. चांदणी बघून त्यांनी चष्मा पुसला. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग ते गोठ्यात वाकले. पवित्र शास्त्रात बाळ बाळंत्यात गुंडाळलेलं आहे, कुंचीत नाही, ते म्हणाले. आणि ही पालेभाजी कसली? एवढं काढा, पहिला नंबर तुमचाच आहे, आम्ही समोरचं बघून येतो.

मी वाकलो. हात कुंचीपर्यंत गेला. समोर राकेशचा सांता दात काढून हसत होता. आणि रस्त्याच्या कडेला नवसाबाई उभी होती, तोंडाला पदर लावून. ती काहीच बोलली नाही. एरवी बोलली असती तर मी भांडलो असतो आणि कुंची काढली असती. गप्प बसलेल्या माणसाशी भांडता येत नाही. परीक्षक परत आले तेव्हा मी सांगितलं, बाराव्या दिवसाआधी कुंची काढायची नाही, अशी आमच्यात रीत आहे. कुठल्या चर्चच्या मंडळीत, मुख्याध्यापकांनी विचारलं. आमच्या गल्लीत, मी म्हटलं. माझा नंबर पुन्हा दुसरा आला.

माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालेलं असतानाच गल्लीतली वीज गेली. आमच्या सगळ्यांच्या हौसेचा भार न सोसून डीपीचा फ्यूज उडाला होता. सांता विझला, हरणं विझली, माझे सहाशे दिवे विझले. सगळी गल्ली काळीकुट्ट झाली. फक्त योसेफाचा कंदील चालू राहिला. तो मी पहिल्यापासून वेगळ्या बॅटरीवर ठेवला होता, कारण राखणीला बसलेल्या माणसाचा दिवा लुकलुकून चालत नाही. त्या एवढ्याशा उजेडात लाल कुंची तेवढी दिसत होती. नवसाबाई गोठ्यासमोर मातीतच बसली आणि वीज येईपर्यंत योसेफाकडं बघत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "हा बाबा काय जागचा हालला नाय."

बाराव्या दिवशी मी कुंची बल्बांच्या खोक्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आणि विसरलो.

पुढच्या ऑगस्टात, कामावर निघालो तर नवसाबाई दारात. कुंची द्या म्हणाली. मी आनंदानं विचारलं, प्रतिभाला दिवस गेले की काय? नाही, ती म्हणाली. आश्रमातून मुलगी आणायची आहे, उद्याच. दोन महिन्यांची आहे. मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती माझ्यावरच डाफरली, "बघता काय, भाऊ? तुमच्या योसेफानं सांभाळलं, मग माझ्या भारतला काय धाड भरलीय?"

मी खोकं उपसून कुंची दिली.

रविवारी सुवार्ता आणि मी बाळ बघायला निघालो. वाटेत मी भाजीबाजारात उतरलो आणि शेपूची जुडी घेतली. मळेवाल्यांच्या घरी शेपू! सुवार्ता रिक्षात हसून हसून लोळली. नवसाबाईनं जुडी बघितली आणि कपाळावर हात मारला. ही आमच्याच मळ्यातली, बाजारातल्या सहादूच्या गाळ्यावर मीच घातली काल, ती म्हणाली. प्रतिभा मांडीवर पोरगी घेऊन बसली होती. कुंचीतून नुसतं नाक दिसत होतं. मी जुडी तिच्यासमोर धरली आणि म्हणालो, "बाळंतिणीसाठी आहे."

प्रतिभानं पोरगी सासूकडं दिली, दोन्ही हातांनी जुडी घेतली आणि आत जाऊन निवडायला बसली. भाजी झाल्यावर नवसाबाईनं आम्हा सगळ्यांना वाढली, पण प्रतिभानं कढईच पुढं ओढून घेतली. डोळे पुसत पुसत तिनं ती शेवटच्या काडीपर्यंत खाल्ली. मीही माझी संपवली.