टेक्सासच्या हँकला अडवणारा काशाप्पा

भालकीच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारी बसवप्रभूचं नेट सेंटर. मधे नुसती प्लायवूडची भिंत. तिकडं कुणी शिंकलं तरी मला कळायचं. त्यामुळं काशाप्पा कंडक्टरची हकीकत माझ्याइतकी नीट दुसऱ्या कुणाला सांगता यायची नाही. ही गोष्ट २०१० सालची.

काशाप्पा हटकराचा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, ह्यानं पॅसिंजर राखले. सव्वीस वर्षं भालकी-उदगीर गाडीवर होता. बाजाराच्या दिवशी गाडीत नव्वद माणसं कोंबलेली असली, तरी कुणी तिकीट काढलं नाही ते ह्याला पाठ फिरवूनसुद्धा कळायचं. एकदा एक बिनतिकीट पैलवान चालत्या गाडीतून मागच्या दारानं पळाला. त्याच्यामागं काशाप्पानंही उडी टाकली. पैलवान सुटला, काशाप्पाचा गुडघा गेला. मग महामंडळानं त्याला डेपोच्या चौकशी खिडकीत बसवलं. दुपारी एक ते रात्री नऊ एकच काम. लोक विचारणार, "उदगीर गाडी कवा हाय?" आणि ह्यानं म्हणायचं, "लागंल."

"सव्वीस वर्षं माणसं धरली," तो मला म्हणायचा, "आता नुसतं 'लागंल, लागंल' करायलोय. ह्यापरीस त्या पैलवानानं पुरता दुसरा गुडघा तरी न्यायचा हुता."

जून महिन्यात एका सकाळी तो लेकीचा, श्रीदेवीचा, इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला बसवप्रभूकडं गेला. बसवप्रभू लिंगायत, बापाची आडत सोडून हैदराबादला कॉल सेंटरात तीन वर्षं राहिलेला. अमेरिकनांशी बोलून बोलून त्याला त्यांच्या फुटबॉलचं खूळ लागलं होतं. प्रत्यक्ष खेळायचं नव्हे, कॉम्प्युटरवरच्या गेमचं. समोरचा अमेरिकेत आपल्या घरी बसून खेळणार, हा भालकीत. तिकडची माणसं जेवण उरकून बसायची तेव्हा आपल्याकडं सकाळचे सात वाजलेले असायचे. बत्तीस जणांची स्पर्धा चालू होती आणि त्यात बसवप्रभू एकटाच हिंदुस्थानी.

हा फुटबॉल पायानं खेळत नाहीत, हातात धरून पळतात. दोन्हीकडं अकरा-अकरा गडी. चेंडू ज्याच्याकडं, त्या बाजूला चार डाव मिळतात. चार डावांत दहा पावलं पुढं गेलं की आणखी चार. असं करत समोरच्याची शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. एक जण मागं उभा राहून चेंडू फेकतो, बाकीचे पळत जाऊन झेलतात. दुसऱ्या बाजूनं हे सगळं अडवायचं. अडवताना एक गडी आपल्या हातात असतो, बाकीचे दहा कॉम्प्युटर हलवतो.

बसवप्रभू अडवण्यात कच्चा होता. आपला गडी घेऊन थेट फेकणाऱ्याच्या अंगावर धावायचा, आणि चेंडू ह्याच्या डोक्यावरून मागं जायचा. त्या सकाळी हे असं सलग चारदा झालं. काशाप्पा फॉर्म हातात घेऊन मागं उभा होता. त्याला राहवेना.

"बसू, त्याच्या मागं कामून पळायलास?"

"मग काय करू अण्णा? त्याच्याकडं चेंडू हाय."

"असू दे की. त्यो कुठं जातोय चेंडू घेऊन? मागचं दार उघडं टाकून तू मोरं पळायलास. दार धर, मानूस धरू नगं. मी मानूस धराय गेलतो, बग की," आणि त्यानं गुडघ्यावर थाप मारली.

बसवप्रभूनं वैतागून रिमोट त्याच्या हातात दिला. "तुमीच धरा मग."

काशाप्पानं चष्मा पुसला आणि कुठलं बटण कशाचं ते तीनदा विचारून घेतलं. मग त्यानं पुढचा गडी सोडला आणि मधल्या फळीच्या मागचा एक गडी घेतला. तो गडी नुसता उभा राहिला. समोरच्यानं फेकला चेंडू, आणि काशाप्पा दोन पावलं सरकून बरोबर आडवा आला. चेंडू त्याच्याच हातात.

"होल्डान!" काशाप्पा ओरडला.

आमच्याकडं गाडी थांबवताना कंडक्टर ओरडतात, तेच. इतकी वर्षं ओरडून ते त्याच्या घशातच बसलं होतं. मी झेरॉक्स तशीच सोडून भिंतीपलीकडं धावलो. श्रीदेवीचा फॉर्म त्या दिवशी राहिलाच, दुसऱ्या दिवशी भरला.

तेव्हापासून रोज सकाळी सातला काशाप्पा हजर. फेकायचं, पळायचं काम बसवप्रभूचं आणि अडवायचं काशाप्पाचं, अशी वाटणी झाली. रिमोट ह्या हातातून त्या हातात जायचा. अमेरिकेत मात्र सगळ्यांना वाटायचं, एकच माणूस खेळतोय.

काशाप्पाचे नियम साधे होते आणि सगळे गाडीतले. पहिला, जवळच्या टप्प्यावर कुणी उतरलं तर उतरू द्यायचं. चार पावलं मिळाली त्याला, मिळू दे, पण उदगीरपर्यंत फुकट जाता कामा नये. लांबचा चेंडू पहिल्यांदा राखायचा. दुसरा, गर्दी मधे असते म्हणून मधे उभं राहायचं. कडेनं जाणाऱ्याला कडच अडवते. तिसरा, माणसाची खोड बघायची. "परत्येकाची खोड अस्ती," तो म्हणायचा. "ज्यानं तिकीट काढलं नाही त्यो खिडकीभायेर बघतो. ह्यो ओहायोवाला बग, त्याचं लांब फेकायचं ठरलं की डावीकडचा गडी हिकडून तिकडं न्हेतो. उगंच. आपलं लक्ष जावं म्हनून. त्यानं गडी हलवला की आपन मागं सरकायचं."

ओहायोवाला हरला. त्याच्यामागून आणखी दोन हरले. त्यांच्या चर्चेच्या पानावर कुणीतरी विचारलं, हा भारतातला माणूस बचाव शिकला कुठं? कुठल्या कॉलेजच्या संघात होता? बसवप्रभूनं विचारलं, "काय लिवू अण्णा?"

"लिव, सव्वीस वर्षं सरकारी संघात हुतो."

त्यानं तसंच लिहिलं. तिकडून वीस जणांचे नमस्कार आले.

इकडं घरी वेगळंच शिजत होतं. काशाप्पानं बायकोला, राजूबाईला, काही सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस गेम खेळतो हे सांगायची लाज. "डाक्टरनं सकाळी चालाय सांगितलंय," म्हणून बाहेर पडायचा. पण राजूबाईच्या कानावर आलं की चालणारा माणूस रोज नेटमधे शिरतो. आणि नेट सेंटर म्हणजे पडदे लावलेली खोपटी, आत लोक काय बघतात ते अख्ख्या भालकीला ठाऊक. तिनं नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. उपांत्य सामन्याच्या सकाळी पिशवी भरली आणि म्हणाली, "मी खटकचिंचोळीला दानम्माकडं जायलेव. दोन दिस येत न्हाई." दानम्मा तिची बहीण. काशाप्पा स्वतः स्टँडवर जाऊन तिला गाडीत बसवून आला. गाडी हलल्यावर हात केला आणि तसाच नाचत आमच्याकडं आला.

राजूबाई पहिल्याच फाट्यावर उतरली. टमटम धरून माघारी आली. नेट सेंटरला मागून, हॉटेलाच्या बाजूनं, एक बोळ आहे, त्या बोळातून शिरली आणि सरळ पडदा बाजूला सारला.

"बगू, काय बगायलाव!"

काशाप्पाच्या हातातून रिमोट पडला. कॉम्प्युटरवर बावीस धिप्पाड गडी लोखंडी टोप घालून एकमेकांच्या अंगावर पडलेले. राजूबाई बघतच राहिली. नागडं काही दिसेना. उलट सगळे नको इतके झाकलेले.

"ही कोन मान्सं?"

"अमेरिकेची," बसवप्रभू कसाबसा बोलला. "बसा अक्का. अण्णांमुळं आपन जिंकायलो."

ती बसली, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. सामना संपला, जिंकलो. मग काशाप्पाकडं वळून म्हणाली, "सव्वीस वर्षं लोकांला धरलं म्हनताव, आन् बायकू फाट्यावर उतरली ते कळलं न्हाई?"

काशाप्पा आधी खजील झाला. मग विचारात पडला. मग मांडीवर थाप मारून उठलाच. "आगं, मी तुला जाताना बगितलं म्हनूनच मागं बगितलं न्हाई! बसू, उद्या हेच करायचं!"

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. समोर टेक्सासचा हँक, दोन वर्षांचा विजेता. ह्याला खोड नव्हतीच. तो अडवणाऱ्याचा गडी कुठं उभा आहे ते बघायचा आणि नेमका दुसरीकडं फेकायचा. काशाप्पा मधे उभा राहिला की कडेनं, कडेला गेला की मधून. दोघांमधे डोळ्यांनीच झोंबाझोंबी चाललेली. ह्या दिवशी हेडफोनचा माईकही चालू होता, कारण अंतिम सामन्यात एकमेकांशी बोलायची रीत. हँक सारखा काहीतरी बोलून हसायचा. काशाप्पा विचारायचा, "काय म्हनायलाय?" बसवप्रभू दर वेळी म्हणायचा, "तुमाला नमस्कार सांगायलाय."

राजूबाई मागं शेंगा सोलत बसली होती. मी दुकानाला कुलूपच लावलं होतं. लाईट गेली, इन्व्हर्टरवर चाललं.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आपण तीन गुणांनी पुढं, पण हँक आपल्या दारात आलेला. सहा पावलं आणि एकच डाव शिल्लक. काशाप्पानं आपला गडी पुढच्या रांगेत आणला, अगदी चेंडूच्या तोंडाशी. आता हा अंगावर धावणार असं कुणालाही वाटावं. चेंडू उचलला गेला. गडी एक पाऊल पुढं गेला, आणि गर्रकन वळून मागं आला. हँकला मधली जागा मोकळी दिसली होती. त्यानं फेकला. काशाप्पा तिथंच.

"होल्डान! होल्डान!"

आम्ही नाचायला लागलो. शेंगा सगळ्या खाली सांडल्या. एवढ्यात हँकचा आवाज चढला. बसवप्रभू ऐकत राहिला आणि त्याचं तोंड उतरलं.

"अण्णा, त्यो म्हनायलाय, तुमी 'होल्ड ऑन' म्हनलाव. म्हनजे थांब. त्याला वाटलं आपली लाईन तुटली, म्हनून त्यानं झेलायच्या टायमाला बटनावरचा हात थांबवला."

"मी झेलल्यावर वरडलो की!"

"झेलताना वरडलाव," राजूबाई म्हणाली. "मी ऐकलं."

स्पर्धेचा पंच पाच मिनिटं विचार करत बसला. बसवप्रभू इंग्रजीत तावातावानं भांडत होता. काशाप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भांडू नगं. होल्डान म्हनल्यावर गाडी थांबतीच. त्याची चूक न्हाई. म्हनावं, ह्यो डाव पुना घे."

पंचानं नुसता तो डाव पुन्हा घ्यायला सांगितलं. घड्याळ मागं गेलं. पुन्हा सहा पावलं, पुन्हा एकच डाव. आता मात्र युक्ती फुटली होती. हँकनं ती डोळ्यांनी बघितली होती. बसवप्रभूनं माईक काढून माझ्या हातात दिला आणि मी तो मुठीत गच्च दाबून धरला. काशाप्पानं रिमोट मांडीवर ठेवला. त्यानं मागं वळून बघितलं.

"काय करू गं?"

राजूबाई शेंगा वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या आज खटकचिंचोळीला जाते म्हनलं, तर तुमी काय करताव?"

"जाऊ देत न्हाई. फाट्यावर जाऊन हुबा ऱ्हातो."

"मंग आज मी खरंच जाईन."

काशाप्पानं गडी पुन्हा तसाच पुढं आणला. चेंडू उचलला गेला. हँक थांबला. मधे फेकेना, कारण हा वळून येणार ह्याची त्याला खात्री. इकडं बघतो, तिकडं बघतो. आणि काशाप्पाचा गडी वळलाच नाही. सरळ गेला, फळीच्या फटीतून घुसला आणि हँकच्या हातात चेंडू असतानाच त्याला कमरेला धरून आडवा पाडला. आयुष्यात पहिल्यांदा काशाप्पा माणसाच्या मागं धावला आणि माणूस सापडला.

ह्या वेळी तो ओरडला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मी माईकवरची मूठ सोडायला विसरलो, म्हणून आमचा आनंदही टेक्सासला ऐकू गेला नाही. हँकनं मात्र पानावर लिहिलं, आज मला दोन माणसांनी मिळून खेळवलं असं वाटलं. बसवप्रभू घाबरला. चोरी कळली की काय? काशाप्पा म्हणाला, "खरं सांग त्याला. दोन न्हाई, तिघं हुतो." त्यानं लिहिलं. तिकडं सगळ्यांनी ती थट्टा समजून हसण्यावारी नेली.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. काशाप्पाच्या युक्त्या बसवप्रभूनं हौसेनं त्या पानावर लिहून टाकल्या होत्या, आणि एकतीस जण त्या शिकून आले होते. काशाप्पाला फारसं वाईट वाटलं नाही. हरवणाऱ्या पोराचं खेळणं तो "वा रे, वा!" करत बघत होता. नंतर बसवप्रभू पुन्हा हैदराबादला नोकरीला गेला आणि नेट सेंटरच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. २०१२ साली काशाप्पा रिटायर झाला.

जिंकल्याचं बक्षीस म्हणून अमेरिकेहून एक टी-शर्ट आला होता. इतका मोठा की त्यात काशाप्पा आणि राजूबाई दोघं मावली असती. छातीवर इंग्रजीत ठळक 'डिफेन्स' लिहिलेलं. रिटायर झाल्यावर तो अंगात घालून काशाप्पा एकदा मन्नाएखेळ्ळीला लग्नाला निघाला. राजूबाई आणि मीही सोबत होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. नवा कंडक्टर, तरणा, ह्याला ओळखत नव्हता. त्यानं छातीवरची अक्षरं वाचली, लंगडता पाय बघितला आणि एका माणसाला उठवून काशाप्पाला सीट दिली.

"मिल्ट्रीत हुताव का, अप्पा? पायाला कुठं लागलं?"

राजूबाईनं तोंडाला पदर लावला.

"लागलं हिकडंच," काशाप्पा ऐटीत बसत म्हणाला. "पर टेक्सासच्या लढाईत हुतो."

कंडक्टरनं मान हलवली. मग काशाप्पानं खिशातून पैसे काढून तीन पुरी तिकिटं घेतली, आणि आमच्या मागं खिडकीबाहेर बघत बसलेल्या माणसाकडं बोट दाखवून म्हणाला, "त्याला इचार आधी."