मुक्या नाइकाचे चार एकर

जमीनदार धाकट्या रावांनी मुक्या नाइकाला फसवले. मी नव्हे. मुकुटबनकडे अजून काही लोक या प्रकरणात माझे नाव घेतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मुका नाईक मुका नव्हता. बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्याच्याइतका बडबड्या माणूस दुसरा नसेल. पण सौदा तो तोंडाने करत नसे. खांद्यावरचा शेला समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि आत बोटे दाबून भाव सांगायचा, बैलबाजारात करतात तसा. हा माणूस कोंबडीसुद्धा तशीच घ्यायचा. "तोंडानं बोललं का चार जण मधात पडते," म्हणायचा.

माझा धंदा गवताचा. डोक्यावर भारे वाहून सुरुवात केली आणि महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास धाकट्या रावांचे अख्खे कुरण कापणीला घेऊ लागलो. पहिल्याच वर्षी माझे मजूर दूरच्या टोकाला पोचले, तर नाईक काठी आडवी धरून उभा.

"इथलं नोको कापू, शेठ."

"काहून? तुह्या बापाचं हाये?"

"बापाचं असतं तर तुले पाय ठेवू देल्ला असता का?"

कोपरा सोड, तांड्याच्या गाड्या तुझे गवत फुकट वाहतील, असे म्हणून त्याने शेला टाकला आणि दोन बोटे दाबली. मी भांडून तिसरी गाडी काढली. पण मनात किडा वळवळू लागला. चार एकर कुसळी गवतासाठी तीन गाड्या? तिथे नक्की काहीतरी पुरलेले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच घेऊन त्याच्या बैलगाडीतून गेलो. तो कोपरा जवळ येताच त्याने बैलांच्या घंटांत गवत कोंबले, मला पोटावर झोपवले आणि बोट दाखवले. कुसळातून उंच मानेची एक पक्षीण चालत होती, जवळजवळ शेळीएवढी. माळढोक. मागे पिल्लू, मातीच्याच रंगाचे.

"एकच अंडं घालते बाई," तो कुजबुजला. "तुह्यावानी चार दुकानं नाहीत तिचे."

मग मी दरवर्षी जाऊ लागलो. आषाढात नर नाचायचा. गळ्याची पांढरी पिशवी पार खाली लोंबकळवून असा घुमायचा, की विहिरीतून कोणी हाक मारतो आहे असे वाटे. नाचायचा एकाच उंचवट्यावर. "गवत तेच, माती तेच. मंग पलीकडं काहून नाचत नाही?" नाइकाचा हा प्रश्न कधी सुटला नाही. मी म्हणे, तिथून चारही दिशा दिसतात. तो म्हणे, पायाले गार लागत असन. एकदा पक्षी उडाल्यावर आम्ही दोघे जाऊन तिथे अनवाणी उभे राहिलो. काही कळले नाही. तेवढ्यात गवतावरून एक तणमोर उसळी मारून गेला आणि नाईक हसला. "अन् लोक याले रिकामं रान म्हणते!"

पुढे रावांनी कुरण मोडून कपाशी लावायचे ठरवले. नाईक मला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेला.

"चार एकर तेवढं सोडा, राव. नांगर नोका घालू."

"काय देशील?"

शेला पडला. मला फक्त दोघांचे चेहरे दिसले. राव हसले, मान डोलावली. नाईक उठला, बाहेर गेला, आपली पांढरी बैलजोडी गाडीपासून सोडून रावांच्या गोठ्यात बांधून आला.

मृगाआधी ट्रॅक्टर आला आणि ते चार एकरही उलटेपालटे झाले. मी ओसरीवर जाऊन ओरडलो. राव म्हणाले, "कसला सौदा? कोणी ऐकला? बैल त्याने खुशीने दिले." वर गावात सांगितले की मधली दलाली मी खाल्ली.

त्या आषाढात नर आला. नांगराच्या तासांमधून थोडा चालला, थांबला, उडून गेला. नाइकाने शिवी दिली नाही. म्हणाला, "आता कुठं नाचते ते पाह्याले पाह्यजे." बैल नव्हते, गाडी नव्हती, तो नेरकडे लेकीच्या तांड्यावर गेला. जाताना म्हणाला, "माळ सापडला तर निरोप धाडजो, शेठ." मी गवताच्या निमित्ताने कितीतरी माळ पालथे घातले. निरोप धाडण्याआधीच तो वारल्याचे कळले.

धाकटे राव हयात आहेत. शेल्याखाली काय ठरले ते मी पाहिले नाही, हे खरे. पण त्याला बैल सोडताना मी पाहिले आहे. गाडीवर पोट असलेला माणूस आपली एकुलती जोडी खुशीने देत नाही. रावसाहेब, ती जोडी तुम्ही कशाबद्दल घेतलीत? चारचौघांत सांगा.