संध्याकाळची पाळी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत कलकत्त्यात दिवस मावळला की माणसं भिंतीच्या कडेकडेने चालायची. कुठल्या गल्लीत बॉम्ब फुटेल, कुठल्या कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी असेल, काही सांगता यायचं नाही. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही तिकडे गेलो होतो. मी खिदिरपूरच्या वाटेवरच्या एका खासगी ट्रस्टच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांची कार्डं लिहायला लागले. आठवड्याआड संध्याकाळची पाळी असायची. ग्रंथालय आठला बंद व्हायचं, आणि सहानंतर वाचायला कोणी फिरकत नसे. आम्ही रिकाम्या टेबलांवरचे दिवे सांभाळत बसायचो.

रॅकवरून पुस्तकं काढून आणणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना दादू म्हणत. बरीच वर्षं काम करूनही ते हंगामीच होते. एका संध्याकाळी पाळी संपवून घरी जाताना ते दोन टोळ्यांच्या मध्ये सापडले. बॉम्ब त्यांच्यावर टाकलेला नव्हता, पण उजव्या हाताचा पंजा गेला. ट्रस्टींनी कळवलं की अपघात कामावर झालेला नाही, आणि एका हाताच्या माणसाला आमच्याकडे काम नाही.

देवघेवीच्या काउंटरवर एक दीदी बसायच्या. चाळिशीच्या, विधवा, बोलायला तिखट. आमच्या छोट्याशा युनियनच्या त्या चिटणीस. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना बाइंडिंगच्या खोलीत बोलावलं. खळीचा आंबूस वास, दार लावलेलं, आणि प्रत्येकाचं लक्ष दाराकडे.

"ग्रंथालय पाचला बंद झालं पाहिजे आणि दादूंना कायम करून परत घेतलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "ऐकलं नाही तर सोमवारी पाचच्या ठोक्याला आपण सगळे उठून बाहेर पडायचं."

"आणि नोकरी गेली तर?" कुणीतरी विचारलं.

"जाईल कदाचित. पंजा जाण्यापेक्षा बरं."

मी हात वर केला. का केला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माझ्या शेजारच्या मुलीने केला, म्हणूनही असेल.

शनिवारी साध्या कपड्यातले दोन इसम आमच्या क्वार्टरवर आले. बाबा कुठे काम करतात, मुलगी कोणाकोणात ऊठबस करते, असं गोड आवाजात विचारून, चहा पिऊन गेले. त्यांना कोणी पाठवलं ते कळलं नाही. ते गेल्यावर बाबांनी स्वतः दाराला कडी लावली.

"राजीनामा दे," ते म्हणाले. "मी सरकारी माणूस आहे. उद्या तुझं नाव पोलिसांच्या भलत्या यादीत गेलं तर मी काय करणार?"

"बाबा, आम्ही फक्त लवकर घरी जाऊ द्या म्हणतोय."

"ते तुला माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

बाबा ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांचा आवाज कापत होता. आई तांदूळ निवडत बसली होती, आणि निवडून झालेले तांदूळच पुन्हा निवडत होती.

सोमवारी दुपारी शिपाई सांगत आला की फाटकाबाहेर मस्तान उभे आहेत. भाडोत्री गुंडांना तिकडे मस्तान म्हणत. मी खिडकीतून पाहिलं. चहाच्या टपरीभोवती सातआठ पोरं होती, एकाच्या खांद्याला कापडी झोळी. ती झोळी तो फार जपून धरत होता. ते पाहिल्यावर मला एकही कार्ड नीट लिहिता आलं नाही. शाईचे डाग पडत राहिले.

पाच वाजले. दीदींनी काउंटरचा कप्पा बंद केला आणि उठल्या. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, धीर द्यायला. पण त्यांचाच हात गार पडला होता.

"चालत राहा," त्या पुटपुटल्या. "पळायचं नाही."

मी फाटकातून बाहेर पाहिलं. त्या पोरांच्या मधोमध, टपरीच्या स्टुलावर, आई बसली होती.

जी आई मंडईपलीकडे एकटी कधी गेली नव्हती, ती दोन ट्रॅम बदलून मला घरी न्यायला आली होती. ही पोरं कोण, याची तिला कल्पनाच नव्हती. ग्रंथालय कधी सुटतं, हे तिने मोडक्या हिंदीत त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यांच्यातल्याच एकाने तिला स्टूल आणून दिलं होतं. मला मात्र वाटलं, तिला धरून ठेवलंय.

"आई!" मी ओरडले.

"अगं, ये लवकर. किती वेळ बसलेय," ती म्हणाली. मग झोळीवाल्याकडे वळून, "ये मेरा लडकी है."

तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग आईकडे वळून, मावशीला हाक मारावी तसं म्हणाला, "मासीमा, घरी जा. लगेच जा." बाकीचे जरा मागे सरकले आणि आम्ही त्या फटीतून एकेक करून निघालो. आई माझं मनगट इतकं आवळून चालत होती, की ते दुखायला लागलं. दीदी सगळ्यांत शेवटी राहिल्या होत्या.

आम्ही ट्रॅमच्या थांब्यापाशी पोचलो आणि मागे मोठा आवाज झाला. वळले तर फाटकाच्या भिंतीवर काळा डाग, धूर, आणि दीदी कान दाबून खाली बसलेल्या. रक्त नव्हतं. बॉम्ब कुणी टाकला ते दिसलं नाही. मी मागे जायला निघाले, तर दीदींनीच दुरून हात हलवून मला जा म्हणून खुणावलं.

ट्रॅममध्ये आईला कापरं भरलं होतं. ती म्हणाली, "तो पोरगा सकाळपासून जेवला नव्हता. सांगत होता मला." त्या रात्री तिला ताप चढला.

ट्रस्टने ग्रंथालयाला कुलूप ठोकलं. आम्ही रोज जाऊन बंद फाटकासमोर उभे राहायचो, आणि रस्त्यावर कोणी जवळून गेलं तरी दचकायचो. शेवटी ट्रस्टींनाच माघार घ्यावी लागली. पाचला बंद करायचं ठरलं. दादूंना कायम करून दरवाजावर बसवलं. पण दीदींना परत घेतलं नाही. त्यांचा डावा कान गेला होता. त्या घरी शिकवण्या घ्यायला लागल्या. भेटायला गेलं की त्या उजवी बाजू आपल्याकडे करून बसायच्या आणि आधी युनियनचीच चौकशी करायच्या.

त्यांच्या जागी चिटणीस व्हायला कोणी तयार होईना. बैठकीत सगळे खाली बघत राहिले. मग मी उभी राहिले. बाबांना घरी काय सांगायचं हे सुचत नव्हतं.