सदर भूत बदलण्यात यावे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे थांबावं लागलं तर पुढचं सांगायचं त्राण माझ्यात उरत नाही. माणूसच मी तसला, कायम दमलेला. बारशाच्या दिवशीसुद्धा पाळण्यात जांभया देत होतो म्हणे. पण एवढी मोठी फजिती फुकट जाऊ नये, म्हणून सांगतो.

मी मुख्याध्यापक आहे. राहायला नळदुर्गला आणि शाळा जळकोटच्या बाजूला एका वस्तीवर. शिकवायला जातो असं म्हणणार होतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? ऑनलाइन माहिती भरायला जातो. आज पोरं किती आली, खिचडी किती जणांनी खाल्ली, लावलेल्या झाडांपैकी किती जगली. संध्याकाळी सगळे गेले की खिडक्या लावायच्या, दिवे बंद करायचे, नळ बघायचा, सात कुलपं घालायची आणि हायवेला येऊन गाडीची वाट बघत उभं राहायचं. नोकरीला लागल्यापासून हेच चाललंय.

आमची लेक प्राजक्ता पुण्यात गेम बनवायला शिकते. होय, त्याचंही कॉलेज असतं. पाहुण्यांना मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते' एवढंच सांगतो, कारण पुढचं समजावून सांगायला ताकद लागते. तर मागं एका शनिवारी तिचा फोन आला.

"अप्पा, एक काम होतं. माझा गेम तुम्ही खेळायचा. भुताचा हाय."

"मी? मला मोबाइलवर पत्ते खेळता येत न्हाईत."

"म्हणूनच तर. सरांनी सांगितलंय, जन्मात गेम खेळला न्हाय असा एक माणूस आणा. त्यानं शेवटपर्यंत खेळायचं आन् अभिप्रायाचा फॉर्म भरायचा. आतापर्यंत एकालाबी शेवट गाठता आला न्हाय, अप्पा. सगळे मधीच मरत्यात. सोमवारपर्यंत कुणीच पोचलं न्हाय तर सर म्हणणार, गेमच चुकलाय. वर्षभराचं काम हाय माझं."

मला जांभई आली. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "दमला असाल तर राहू द्या."

हे मात्र मला लागलं. दिवाळीत पोरगी आठ दिवस घरी होती आणि मी तिच्याशी धड बोललो नव्हतो. बोललो ते एकदाच, आणि तेही खेकसून, की सारखा तो फोन हातात धरून माझ्या मागं मागं काय फिरतेस.

"खेळतो," म्हणालो.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिचा जुना लॅपटॉप उघडून बसलो. सूचना होती, खोलीत अंधार करा आणि कानाला हेडफोन लावा. पडदा ओढला. हेडफोनचा एकच कान चालत होता, म्हणून तो काढून ठेवला आणि आवाज मोठा केला. बाहेर हायवेवर ट्रकचे हॉर्न, आत स्वयंपाकघरात सुमनची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची भांडी. वातावरण म्हणाल तर एवढंच.

गेम सुरू झाला आणि समोर काय दिसलं असेल? शाळा. बंद पडलेली, ओसाड शाळा. लांब व्हरांडा, पोपडे आलेल्या भिंती, टपटप गळणारा नळ, आपटणारी खिडकी, लुकलुकणारी एक ट्यूब. दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. माझी रविवारची सुट्टी गेली, एवढंच मला वाटलं.

सांगितलेलं काम सोपं होतं. फाटकातून बाहेर पडायचं. पण गळता नळ तसाच सोडून माझा पाय पुढं पडेना. कोणतं बटण दाबायचं ते शोधून नळ बंद केला. मग खिडकी लावली. ट्यूब बंद केली. पुढच्या वर्गात गेलो, तिथंही तेच. सगळी शाळा अंधारात बुडवून टाकली आणि मला जरा बरं वाटलं.

आणि मग भूत आलं. आधी किल्ल्यांचा जुडगा वाजला. मग फरशीवर घासत येणाऱ्या चपला, फर्रक, फर्रक. आणि मग एक लांबलचक उसासा, "हूंऽऽ... अरे देवाऽऽ."

"आले, आले, चहा टाकते," स्वयंपाकघरातून सुमन म्हणाली.

मनात म्हटलं, येतोय चहा तर येऊ दे.

व्हरांड्याच्या टोकाला ते दिसलं. वाकलेला माणूस, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर अंधार. नियम असा होता की आपण पळालो की ते मागं लागतं आणि धरतं. सगळे पळतात, म्हणून सगळे मरतात. आता माझे गुडघे कायमचे दुखरे. मी खऱ्या आयुष्यात पळत नाही, गेममध्ये कशाला पळू? ते चाललं तसा मीही त्याच्या मागून चालत राहिलो. डावीकडचे वर्ग ते लावत होतं, उजवीकडचे मी लावत होतो. आमचं छान जमलं होतं. त्यानं उसासा टाकला की चहा येत होता.

तिसरा कप समोर ठेवताना सुमन म्हणाली, "आज झालंय तरी काय? एका दुपारी तीन चहा?"

"मी कुठं मागितला?"

"मग उसासं कोण टाकतंय?"

"ते भूत हाय."

तिनं स्क्रीनकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बिचारी भ्याली, असं मला वाटलं.

दीड तासानं भूत फाटकापाशी पोचलं, कुलूप काढायला थांबलं आणि मी त्याच्या बाजूनं बाहेर पडलो. पडद्यावर अक्षरं आली, 'तुम्ही सुटलात.' खरं सांगतो, डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

मग फॉर्म उघडला. फॉर्म दिसला की माझे हात आपोआप चालतात. 'भूत कसे वाटले?' या रकान्यात मी लिहिलं:

'सदर भूत शाळेच्या वेळेनंतर आवारात विनाकारण रेंगाळते. पाय ओढत चालते. सतत उसासे टाकल्याने वातावरण निरुत्साही होते. चेहरा लपवण्यावरून जबाबदारी टाळण्याची वृत्ती दिसते. घरी याची कोणी वाट पाहत असेल असे वाटत नाही. यास पाहून भीती वाटत नसून जांभई येते. तरी सदर भूत तत्काळ बदलण्यात यावे व त्या जागी एखादे तरतरीत भूत नेमावे.'

दोनदा वाचलं, वेलांट्या तपासल्या आणि पाठवून दिलं. फॉर्म थेट तिच्या सरांकडं जाणार होता.

मग लेकीला फोन लावला. "गाठला बघ शेवट."

"काय सांगता? अप्पा, तुम्ही पहिले!" पोरगी रडायच्या बेतात आली होती. "कसं वाटलं?"

"शाळा चांगली केलीस. भूत तेवढं बदल." आणि मी माझा अभिप्राय तिला खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

 स्वयंपाकघरात सुमन ओट्याला धरून हसत होती.

"अप्पा," प्राजक्ता म्हणाली, "ते भूत तुम्हीच की."

"म्हणजे?"

"दिवाळीत तुमच्या मागं फोन घेऊन फिरत व्हते ना, ते ह्यासाठीच. किल्ल्या तुमच्या, चपला तुमच्या, चाल तुमची. उसासाबी तुमचाच. बोलायला जावं तर तुम्ही दमलेले असायचा. मग म्हणलं, आवाज तरी संगं न्यावा."

 मी स्क्रीनवरचा अभिप्राय पुन्हा वाचला. 'घरी याची कोणी वाट पाहत असेल असे वाटत नाही', हेही मीच लिहिलं होतं.

"आधी सांगायचं तरी."

"वळखाल वाटलं. आईनं वळखलं की."

मी सुमनकडं वळलो. "आन् तू का बोलली न्हाईस?"

"एवढं मन लावून लिहीत व्हता, म्हणलं लिहू द्या," सुमन डोळे पुसत म्हणाली. "पहिल्यांदाच खरी माहिती भरत व्हता."

पाठवलेला फॉर्म परत घेता येईना. सगळी बटणं दाबून बघितली. लेकीचं वर्षभराचं काम आणि त्यावर सख्ख्या बापाचा असला शेरा. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. सरांनी माझा अभिप्राय सगळ्या वर्गासमोर वाचला. मग विचारलं, हे भूत कोण? ती म्हणाली, माझे वडील. आणि तक्रार कुणाची? तीही वडिलांचीच. म्हणे हसण्यापायी दहा मिनिटं वर्ग थांबला होता. प्रोजेक्ट पास झाला, तोही चांगल्या शेऱ्यानं. भूत बदलायचं नाही असं सरांनी बजावलंय.

"पोरं खरंच भेतात का गं मला?" मी विचारलं.

"लई. उसासा ऐकला की लॅपटॉप मिटवत्यात."

पुण्याची मोठी पोरं मला भितात, आणि इथं चौथीची पोरं माझ्यासमोर खिचडीवरून मारामारी करतात. आता रोज संध्याकाळी गाडीची वाट बघताना मीच तिला फोन लावतो. दमलेला असलो तरी लावतो.

पण खरं नुकसान पुढंच आहे. काल शाळेतून आलो, चपला काढल्या, खुर्चीत बसलो आणि आपसूक तोंडून निघालं, "हूंऽऽ... अरे देवाऽऽ."

आतून सुमन म्हणाली, "बंद करा आधी तो लॅपटॉप."

चहा काही आला नाही.