हसले की गुडघे जातात

"हँसी आती है तो घुटने ढीले पड़ते हैं क्या?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि मी रडायला लागले. इतकी वर्षं थायरॉइड तपासलं, रक्त वाढवायच्या गोळ्या खाल्ल्या, पण हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

इकडे हिंदी मुलखात, बीरगावच्या शाळेत मी शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता डोळा लागायचा आणि अक्षर खाली घसरत जायचं. रात्री मात्र धड झोप नाही. घरी सगळ्यांना वाटे, सून कामचुकार आहे. पुढे पुढे मलाही तसंच वाटायला लागलं.

पडणं त्याहून वाईट. आपण म्हणतो ना, हसून हसून गडाबडा लोळलो? मी खरंच कोसळायचे. एका बारशाला नणंदेनं कुणाची तरी नक्कल केली, मी हसले आणि जमिनीवर. शुद्ध पूर्ण होती, पण जबडा हलेना. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही झालं तिले, नाटक करून राहिली." मी सगळं ऐकत पडून होते. फार अपमान वाटला.

मग तपासणी. रात्रभर डोक्याला तारा लावून झोपवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा झोपायला सांगितलं. दर वेळी मी लगेच झोपले. अशा परीक्षेत पहिली येणारी मीच! आजार निघाला नार्कोलेप्सी. यात झोप आणि जाग मेंदूला वेगळी ठेवता येत नाही. झोपेतला लुळेपणा हसताना, जागेपणीच येतो, त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. हे मुळापासून बरं होत नाही, गोळ्यांनी आवरतं. तुमच्या घरात कोणी हसता हसता कोलमडत असेल, तर कृपा करून नाटक म्हणू नका. मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.

घरच्यांनी काळजी घ्यायची म्हणून माझ्यासमोर हसणंच सोडलं. शाळेतून आली की सगळ्यांच्या नकला करणारी माझी लेक खाली मान घालून जेवायची. घराला सुतक लागल्यासारखं झालं. आजारानं दमले नव्हते तेवढी त्या शांततेनं दमले.

"काहून बोलून नाही राहिली?" एका संध्याकाळी मी विचारलं.

"आप गिर जाओगे, मम्मी." मराठी कळते तिला, उत्तर हिंदीतच.

"पडीन तर पडीन. तू सांग."

तिनं मला गादीवर बसवलं, पाठीशी उशी दिली आणि हेडमास्तरांची नक्कल सुरू केली. माझी मान लटकली. तिनं ती अलगद मांडीवर घेतली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

माझ्या केसांतून हात फिरवत लेक म्हणाली, "रुको मम्मी, अभी आधा बाकी है."