पेनड्राइव्हमधले तीनशे पेपर

संभाजीनगरचा पोरगा लिहितोय म्हणजे वेरूळ येणार, असं वाटलं ना? नाय येणार. लायब्ररी आहे म्हणजे पोरगी तरी येईल म्हणाल, तर ताई आहे. पीएचडी करणारी, मला पेपर शोधायला शिकवणारी.

आमच्या कॉलेजचा रिसर्च डेटाबेस फक्त लायब्ररीच्या नेटवर उघडतो, माझ्या गारखेड्याच्या रूमवर नाय. सुट्टीत गावाकडं जायचं होतं, प्रोजेक्ट बाकी होता. म्हणून सकाळी बसलो अन् पंगतीत जिलेबी ओढावी तसा दिसेल तो पेपर पेनड्राइव्हमध्ये ओढत गेलो. तीनशेच्या वर झाले असतील.

दुपारी स्क्रीनवर आलं, प्रवेश बंद. सगळ्या कॉलेजचा.

लायब्ररीचे सर बाहेर आले. "कुणीतरी पोतंभर डाउनलोड केलंय. डेटाबेसवाली कंपनी म्हणती, कुणी केलं ते लेखी कळवा, मग चालू करू. कोण आहे?"

मी मान खाली घातली. ताईला पाचच्या आत पीएचडीचा सिनॉप्सिस जमा करायचा होता, नायतर सहा महिने थांबा. अन् ज्या पेपरवर तिचं सगळं उभं होतं, तोच अर्धा वाचून अडकला होता. माझ्या ढिगात असंल म्हणून गुपचूप पाहिलं. नव्हता.

"सर, एकच पेपर हो," म्हणत ती त्यांच्या मागं फिरत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली तेव्हा डोळे भरलेले. मला खरं बोलवंना, गप्पबी बसवंना. मी सदा चष्मा शोधणाऱ्या सरांचा आवाज काढला, "माझा चष्माबी डाउनलोड झाला का बघा जरा." ती रडता रडता हसली.

साडेतीनला मी उठलो. "सर, मी केलं."

सरांनी वरबी पाहिलं नाय. "खाली बस. आज नाटकं नको."

"खरंच, सर."

"कालबी प्राचार्यांच्या आवाजात सुट्टी देऊन टाकली होतीस तू."

मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. सरांनी लावून पाहिला. यादी खाली सरकतच राहिली. मग त्यांनी माझं कार्ड काढून घेतलं, माझ्याकडून लिहून घेतलं अन् कंपनीला मेल पाठवला. सव्वाचार झाले. साडेचार. डेटाबेस उघडला तेव्हा ताईकडं वीस मिनिटं होती. उरलेला पेपर भराभर चाळून ती सिनॉप्सिसची प्रिंट घेऊन पळाली.

जमा करून परत आली. मला वाटलं, चहा पाजती.

"डाउनलोडचं चालतंय रे," ती हळूच म्हणाली, "ते असं करू नये, हे मीच तुला सांगितलं नव्हतं. पण मी तासभर सरांच्या मागं फिरते अन् तू बाजूला बसून मला हसवतो? सगळं माहीत असून? अन् मी हसलेबी. उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं नाय."