दमणीवाल्या आबांचे डोळे

दमणीवाले आबा प्रार्थनेत डोळे मिटत नसत. सारी मंडळी मान खाली घालून, डोळे घट्ट मिटून बसलेली असे. आबा मात्र मागच्या भिंतीशी उभे राहून खिडकीबाहेर बाभळीखाली सोडलेल्या बैलांकडे टक्क पाहत. हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. चर्चच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, मुलगी असूनही मी बोटांच्या फटीतून बघत असे, हे आधीच कबूल करून टाकते.

दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी, छपराची गाडी. माझे पपा, म्हणजे तुमचे पणजोबा, तिच्यातून गावोगाव उपदेशाला जात. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरणारे पाहुणेही तिच्यातूनच येत. गाडी हाकायचे आबा. मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा माझ्या जन्माआधीचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रभूची प्रार्थना तेवढी पाठ होती, तीही मधली एक ओळ गाळून.

आमच्या शाळेचे मास्तर हे मंडळीचे पंच. ते प्रार्थनेला उभे राहिले की पाव तास खाली बसत नसत, आणि शेवटी त्यांच्या गालांवरून पाणी वाहत असे. एका रविवारी उपासनेनंतर ते सर्वांसमोर म्हणाले, “आबा प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतात. मुलांनी काय शिकावं?”

आबा शांतपणे म्हणाले, “मास्तर, तुमाले कसं दिसलं?”

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. पपांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी नंतर आबांना एकटं गाठून खरं कारण विचारलं, तर म्हणाले, “पोरी, डोये मिटले त बैल कोनं पाहाचे? अन् देव का आंधया हाये? त्याले दिसते ना, मी उभा हाओ म्हून.”

मला तेव्हा ते उत्तर फार आवडलं. मी मनात दोन याद्या केल्या होत्या: खरे विश्वासी आणि दिखाऊ विश्वासी. आबांचं नाव पहिल्या यादीत घातलं, मास्तरांचं दुसरीत. मी दहा वर्षांची होते आणि मला याद्या करायला आवडत असे.

प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे महिन्यातून एकदा येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि प्याला घ्यायच्या दिवशी, आबांचा थाट वेगळा असे. पहाटे विहिरीवर अंघोळ, धुतलेलं धोतर, पोटात अन्नाचा कण नाही. भाकरीचा तुकडा हातात आला की ते तो लगेच खात नसत. हाताच्या खोलगट तळव्यात क्षणभर धरून ठेवत, चिमणीचं पिल्लू धरावं तसं. “साऱ्या महिन्यात मले येवढंच लागते,” असं ते माझ्या आईला एकदा म्हणाले होते.

त्या वर्षी केनवडच्या बाजाराला पपा आणि मास्तर उपदेशासाठी गेले, आणि मीही दमणीतून गेले. आबांची विधवा बहीण त्याच गावात राही. तिचा एकुलता नातू चार दिवस तापाने फणफणला होता आणि तिने त्याला मरीमायच्या ओट्यावर नेऊन निजवलं होतं. निरोप आला तसे आबा निघाले. मला एकटी कुठे सोडणार, म्हणून मीही बरोबर.

पोराचे डोळे पांढरे झाले होते. बहीण ओरडली, “दादा, उभा काहून राह्यला? हात तरी जोड ना!” आबांनी हात जोडले. मी त्यांच्या अगदी शेजारी होते. त्यांनी डोळे मिटले. इतके घट्ट, की कपाळाच्या शिरा वर आल्या.

आम्हाला शोधत आलेल्या मास्तरांनी ते लांबून पाहिलं.

पोरगं जगलं. पण पुढच्या आठवड्यात, मरीमायपुढे हात जोडले म्हणून, पंच बसले. मास्तरांना लांबून नीट दिसलं नव्हतं, म्हणून मला बोलावण्यात आलं. पपांनी विचारलं, “आबांनी हात जोडले होते का?”

“हो,” मी म्हणाले. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, “डोळेही मिटले होते.”

साऱ्या पंचांनी आबांकडे वळून पाहिलं. मी खोटं बोलले नव्हते. तरी आपण काहीतरी फोडून ठेवलं आहे, असं मला वाटलं.

“आबा, प्रार्थना कोणाला केली?” पपांनी विचारलं.

“ठाऊक नाई, पाळकसाहेब.”

मास्तर उसळले. “ठाऊक नाही? माणसाला आपण कोणाला हाक मारली हे कळत नाही?”

“नाई कयलं. ‘वाचव’ येवढंच म्हनलं. नाव घेतलंच नाई.”

पपा पुढे वाकले. मला वाटतं, ते विनवतच होते. “मग येशूला केली, एवढं म्हणा. आम्हाला पुरे.”

“कसं म्हनू? आठोत नाई त.”

त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचं ठरलं, खरं उत्तर देईपर्यंत. आबा त्यानंतरही अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून येत. भाकरीचं ताट फिरू लागलं की उठून बैलांकडे जात. दर खेपेला पपा विचारत, आणि दर खेपेला तेच उत्तर येई: “आठोलं का सांगतो.” असं दोन वर्षं चाललं. एक शब्द म्हटला असता तर ते आत आले असते. हा शब्द न बोलणारा माणूस कोणत्या यादीत घालावा, ते मला ठरवता येईना. पपांना विचारलं, तर म्हणाले, “मला विचारू नकोस.”

मग एका उन्हाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. जवळ कोणी नव्हतं. अकरा दिवस त्यांचं अंग पुसलं, घाण काढली, चमच्याने पेज भरवली ती मास्तरांनी. तिथे कोणी बघायला नव्हतं. मी आईने दिलेला डबा घेऊन अचानक गेले म्हणून मला दिसलं. मास्तर ओशाळले आणि म्हणाले, “दार लावून घे.” माझी दुसरी यादीही तिथेच मोडली.

शेवटच्या दिवशी पपा भाकरी आणि प्याला घेऊन गेले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, नुसता तुकडा पुढे केला. आबांनी तो बराच वेळ पाहिला. मग मान हलवली. “नाई आठोलं अजून,” म्हणाले. मास्तर बाहेर जाऊन उभे राहिले.

आबा गेले, आणि पपांनी त्यांना मंडळीच्याच दफनभूमीत जागा दिली. त्या संध्याकाळी मृतांची नोंदवही माझ्यापुढे ठेवली, कारण घरात माझं अक्षर सर्वांत वळणदार. नाव, गाव, वय मी लिहिलं. पुढचा रकाना होता: ‘सभासद, होय किंवा नाही.’

“पपा, इथे काय लिहू?”

“तू शेजारी उभी होतीस,” पपा म्हणाले. “तूच लिही.”

मी टाक दोनदा शाईत बुडवला आणि दोन्ही वेळा निब सुकू दिली. शेवटी पपांनी वही ओढून घेतली, कोऱ्या रकान्यावर टीपकागद दाबला, जणू तिथे काही लिहिलेलंच होतं, आणि वही मिटली.

त्यानंतर मी इंग्रजी शाळेत गेले, पुष्कळ शिकले, पुष्कळांना शिकवलं. त्या रकान्यात काय यायला हवं, हे मला अजून कळलेलं नाही. वही अजून तिथल्या मंडळीच्या कपाटात असेल. तुमच्यापैकी कोणी कधी तिकडे गेलंच, तर ती जरूर काढून पाहा. फक्त तो रकाना भरू नका.